मोजूनमापून

आमच्या बोक्याला मधुमेह झाल्याची पहिली बातमी मुंग्यांनी दिली. २०२१च्या जानेवारीत मालगुंडच्या घरामागे, माडाच्या आळ्याजवळच्या वाळूत तो जिथे बसून येई, तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. मूत्राला मुंग्या लागणे हे प्रमेहाचे लक्षण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी नोंदवून ठेवले आहे. घरात कधी ना कधी मधुमेह नांदून गेलेला असल्यामुळे सासूबाईंना त्यासाठी ग्रंथ उघडावा लागला नाही. ‘ह्यांच्या वेळी मोरीत अशाच यायच्या,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि वाळूवर तांब्याभर पाणी ओतून आत गेल्या.

बाळ्या तेव्हा नऊ वर्षांचा होता. (घरात दोन माणसे मराठी शिकवणारी, त्यामुळे पिल्लू आले तेव्हा एकाहून एक साहित्यिक नावे सुचवण्यात आली होती. सासूबाईंनी ती सगळी न ऐकल्यासारखी केली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बाळ्या म्हणू लागल्या.) सहा किलोंच्या वर असलेला हा ऐसपैस बोका महिन्याभरात साडेचार किलोंवर आला. खायचा मात्र दुप्पट. पाणी पिण्यासाठी न्हाणीघरातल्या बादलीवर पुढचे दोन पाय रोवून उभा राही. फेब्रुवारीत तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागला. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की मांजरांच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि चाल अशी बसते, हे नंतर कळले. पाहताना मात्र एखादा वृद्ध गृहस्थ सपाता घासत ओटीवर येरझारा घालतो आहे असे वाटे.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा संसार गाई-म्हशींचा, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. रत्नागिरीच्या खाजगी डॉक्टरांकडे साखर ४१२ भरली. एवढ्या एका आकड्यावर ते थांबले नाहीत, हे मला आवडले. घाबरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीनेच कितीतरी चढते. टोपलीतून, आरे-वारेच्या वळणावळणांवरून, कुत्र्यांच्या भुंकण्यात आणलेल्या जनावराचे रक्त त्या घटकेपुरती काहीही साक्ष देऊ शकते. म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिनची चाचणी त्यांनी बाहेरून करून घेतली, आणि मगच इन्सुलिन सुरू झाले : बारा-बारा तासांनी एकेक युनिट. पुढची तपासणी शक्यतो घरीच करा, असेही सांगितले. घरातले मांजर खरे, दवाखान्यातले खोटे.

तर गेली काही वर्षे आमच्या घरात जे चालले आहे ते असे. सकाळी सात वाजता बाळ्याच्या कानाला कोमट पाण्यात पिळलेले फडके धरायचे, म्हणजे कडेची बारीक शीर फुगते. मग तिथे सुईचे टोक लावून मोहरीएवढा रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. यंत्र माणसांचेच. ते मांजराच्या रक्ताची साखर खऱ्यापेक्षा काहीशी कमी दाखवते, हे लक्षात ठेवून आकडा वाचायचा. मग खाणे. तो नीट खातो आहे असे दिसले की खांद्यामागच्या सैल कातडीची चिमूट उचलून सुई. संध्याकाळी सात वाजता पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरत. बाळ्याचे काहीच थरथरत नसे. इतक्या बारीक सुईची त्याला दखलही घ्यावीशी वाटत नाही. कानाचा मात्र त्याला राग येतो.

आपल्याकडे औषधांच्या दुकानात इन्सुलिनच्या कुप्या बहुधा चाळीसच्या ताकदीच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिटे. आमचे लांब पल्ल्याचे ग्लार्जिन शंभराच्या ताकदीचे. सिरिंजाही त्याप्रमाणे निराळ्या, लाल टोपणाच्या आणि नारिंगी टोपणाच्या. टोपणाचा रंग चुकला तर मात्रा अडीचपट चुकते. साडेचार किलोंच्या जिवाला ही अडीचपट पुरेशी असते. शिवाय मांजराचे बरेच आयुष्य अर्ध्या युनिटात ठरते, आणि अर्ध्या युनिटाची रेघ चाळिशी लावल्याशिवाय मला दिसत नाही.

इन्सुलिनच्या या ‘युनिट’ शब्दाचे मूळ शोधायला गेले तेव्हा जरा गप्प झाले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे द्रव्य हाती आणले, १९२२च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले, १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळाले, हा भाग पाठ्यपुस्तकी आहे. पण मोजायचे कसे, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. सुरुवातीचे युनिट ठरले ते सशावरून : सुमारे दोन किलोंच्या, उपाशी ठेवलेल्या सशाची साखर त्याला झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवील इतके इन्सुलिन म्हणजे एक युनिट. पुढे ते लहान करण्यात आले, प्रमाणित करण्यात आले. पण मापाच्या मुळाशी सशाचे अंग आहे ते आहेच. मांजराला इन्सुलिन देणे हे श्रीमंती थेर आहे असे कुणी म्हटले की मला तो ससा आठवतो.

आणि असे म्हणणारे भेटतातच. आमच्या शेजारच्या वाडीतली एक बाई आपली कुपी महिनाअखेरपर्यंत पुरावी म्हणून मधले दिवस गाळते, हे मला ठाऊक आहे. तिच्या देखत मी बाळ्याच्या सिरिंजांची पिशवी घेऊन एसटीतून उतरते. तिने कधी काही म्हटलेले नाही. तिच्यापाशी मी उत्तर घेऊन गेलेले नाही, कारण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. बाळ्याचे बंद केल्याने तिचे सुरू होणार नाही हा युक्तिवाद बरोबर असला तरी तो उत्तर नव्हे.

घरातल्या घरात मात्र प्रश्न निराळाच होता, आणि तो दुधाभाताचा होता.

आमच्या घरात मासळी शिजत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, मोटारसायकलीवर पाटी बांधून मासळीवाली दारावरून जाते, आणि तरीही बोका नऊ वर्षे दूधभातावर पोसलेला. बाहेरचे उंदीर, सरडे ही त्याची खाजगी मिळकत. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. भातातल्या पिठाची साखर झाली की तिची विल्हेवाट लावण्याची त्याच्या यकृताची ऐपत बेताची. लठ्ठपणा, उतारवय, खच्चीकरण झालेला नर, घरबसे आयुष्य ही मांजरांच्या मधुमेहाची ठरलेली पार्श्वभूमी आहे आणि बाळ्या या सगळ्या रकान्यांत चपखल बसत होता. डॉक्टरांनी भात आणि दूध पूर्ण बंद करायला सांगितले. अंडे, कोंबडी, उकडलेली मासळी, ती मीठ न घालता.

सासूबाईंचे वय तेव्हा एकोणऐंशी. त्यांनी आकांडतांडव केले नाही. परसात चूल मांडू दिली, एक जर्मनचे पातेले त्या कामाला सोडून दिले, आणि मी तारल्या उकडू लागले की त्या पुढच्या ओटीवर जाऊन बसत. एवढी सवलत त्यांनी कुणा माणसाला दिली असती असे मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र मी त्यांना आजवर सांगितलेली नाही. माझे सासरे १९८०च्या दशकात जे इन्सुलिन टोचून घेत, ते त्या काळी आपल्याकडे सर्रास गुरांच्या किंवा डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलेले असे. मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेऊन विकायला सुरुवात १९८२ साली परदेशात झाली. आपल्या गावाखेड्यांत ते पोचायला पुष्कळ काळ गेला. म्हणजे सोवळ्यातल्या त्या स्वयंपाकघराशेजारच्या फडताळात काय होते, हे कुणी विचारले नाही म्हणून कुणी सांगितले नाही. गंमत अशी की, मांजराचे स्वतःचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनाहून जेमतेम एका अमिनो आम्लाने वेगळे आहे; माणसाच्या इन्सुलिनाहून चारांनी.

२०२१चा उन्हाळा तसा सरळ गेला. महाविद्यालय बंद, व्याख्याने पडद्यावर, त्यामुळे मी सकाळ-संध्याकाळ घरीच. मे महिन्याच्या १६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्याशेजारून वर सरकले आणि वीज गेली. इन्सुलिनची चालू कांडी तीस अंशांच्या आत काही आठवडे टिकते, न उघडलेली मात्र थंडच हवी. माठात ठेवा, असा सल्ला सगळे देतात. देशावर तो उत्तम आहे; कोकणात मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की माठाला पाझरलेले पाणी वाळवून थारेपालट करायला वाव मिळत नाही. शेवटी विहिरीत, कळशीत, पाण्याच्या दोन हात वर डबा सोडून ठेवला. आंबा टिकवायची घरातली जुनी रीत कामी आली.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरनंतर महाविद्यालये उघडली, माझे रत्नागिरीला जाणे-येणे सुरू झाले, आणि आकडे चढू लागले. संध्याकाळच्या मापाला ३४०, ३६५, ३२८. डॉक्टर युनिट वाढवीत गेले : दीड, दोन, अडीच, तीन. जानेवारीत सासूबाई नणंदेकडे चिपळूणला आठ दिवस गेल्या. चौथ्या दिवशी, रविवार होता म्हणून मी घरी होते, दुपारी अकराच्या सुमारास बाळ्या ओटीच्या पायरीवरून उतरताना कलंडला. उठून पुन्हा कलंडला. डोळे मोठे, नजर कुठेच नाही. कानातला थेंब ४३ सांगत होता. देवघरातली पंचामृताची मधाची बाटली आणून त्याच्या हिरड्यांना बोटाने मध चोळत राहिले. इन्सुलिन देणाऱ्या प्रत्येक घरात मध किंवा साखरेचे पाणी हाताशी असलेच पाहिजे. साखर चढलेली महिनोन्महिने सोसवते, उतरलेली तासभर सोसवत नाही. वीस मिनिटांनी तो उठून बसला आणि माझ्या बोटाकडे तिरस्काराने पाहू लागला. मांजरांना गोडाची चव कळतच नाही. ती ओळखणारे जनुक त्यांच्यात निकामी झालेले आहे, हे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. म्हणजे मधाने त्याचा जीव वाचवला आणि त्याला तो नुसता चिकट लागला.

साखर एकाएकी का पडली? मात्रा तीच, खाणे तेच, घर तेच. आकडे आम्ही ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. त्या रात्री नोव्हेंबरपासूनची पाने काढून बसले. आपल्या विद्यार्थ्यांना आपण सांगतो की संहिता पुन्हा वाचा, जिथे लय मोडते तिथे थांबा. लय मोडत होती ती महिन्यातून दोनदा. सगळ्या साडेतीनशेंच्या गर्दीत मध्येच एखादी संध्याकाळ २१०ची, २०५ची. चौकोनात वर छापलेले वाचले तर कार्तिकी एकादशी. मग उत्पत्ती एकादशी. मोक्षदा. सफला. एकादशीला सासूबाई दुपारी भात टाकत नाहीत.

मांजर डोळे मिटून दूध पिते असे म्हणतात. इथे मांजराचे डोळे उघडे होते.

त्या परत आल्यावर मी काही बोलले नाही. नवऱ्याने कॅलेंडर त्यांच्यापुढे धरले आणि एकादशांवर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. चारही. मग म्हणाल्या, ‘अगो, तू त्याला काट्यावर मोजून घालतेस. घरातल्या जिवाला कुणी मोजून घालतं?’

या वाक्याला मला उत्तर देता आले नाही, आणि ते वाक्य घेऊन मी बरेच दिवस हिंडले. कारण ते एकट्या सासूबाईंचे नव्हते, त्यांच्यामागे सगळी मराठी उभी होती. ‘मोजूनमापून’ हा शब्द आपण कुणाबद्दल वापरतो? जो मोजून बोलतो तो आतल्या गाठीचा, जो मोजून वाढतो तो कोता. यजमानिणीने ‘हात आखडता घेतला’ ही निंदा; ‘सढळ हात’ ही स्तुती. पंगतीत ‘किती वाढू?’ विचारणे हाच मुळी उणेपणा. आणि त्याच वेळी आपली जुनी भाषा मापांनी खच्चून भरलेली आहे : शेर, पायली, अधोली, चिपटे. पण ही मापे धान्य घेण्यादेण्याची, कुळाची आणि खोताची. माप म्हटले की तिथे संशय आला, व्यवहार आला. घरात आत आल्यावर मापे हाताची होतात : चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. ती ज्याच्या त्याच्या हाताएवढी असतात, आणि त्यांना कुणी हिशेब विचारीत नाही. नवी सून उंबरठ्यावरचे माप पायाने लवंडूनच आत येते.

सासूबाई नऊ वर्षे बाळ्याला हाताच्या मापाने घालीत होत्या. मी त्यात स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणला, घड्याळ आणले, आकडे आणले. त्यांच्या दृष्टीने मी त्या बोक्याला कूळ करून टाकले होते. त्यांची दुपार मोकळी असे, घरात दोघेच, तो ताटापाशी येऊन बसे. गोड त्याला लागतच नव्हते. तो दूधभात ज्याला गोड लागत होता तो जीव दुसरा होता, आणि त्याचाही माझ्यापाशी काही विचार झालेला नव्हता.

पुढे जे झाले ते कुणाच्या उपदेशाने झाले नाही. ४३ म्हणजे काय, बाळ्या पायरीवर कसा पडला, हे नवऱ्याने त्यांना करून दाखवले. त्यांनी सासऱ्यांना एकदा तसे पडताना पाहिले होते. दुपारचा भात त्याच दिवशी बंद झाला. त्याऐवजी माझ्या अनुपस्थितीत त्यांनी काय द्यावे याची वाटाघाट झाली : मासळीला हात लावणार नाही, कोंबडीचे नाव काढायचे नाही, अंड्याचा उकडलेला पांढरा भाग, मी सोलून झाकून ठेवला असेल तर, चमच्याने देईन. चमचे दोन. तिसरा नाही. दोन चमचे हे त्यांना चालले, कारण चमचा हा काटा नव्हे.

वेळेचे आणखी एक त्रांगडे होते. संध्याकाळचे इन्सुलिन त्यांनी आपल्या मनाशी दिवेलागणीला बांधले होते. आमच्याकडे दिवेलागण डिसेंबरात सहाच्या सुमारास होते आणि जूनमध्ये सव्वासातला. औषध बारा तासांवर अडून बसणारे. यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की, दिवा सूर्य सांगेल तेव्हा, सुई घड्याळ सांगेल तेव्हा. हिवाळ्यात मधला तास त्या देवापुढे बसून काढतात, बाळ्या मांडीवर.

भात थांबल्यावर तीन युनिटे ही भलतीच मोठी मात्रा होती. डॉक्टरांनी ती लगेच एकावर आणली, मग अर्ध्यावर. २०२२च्या एप्रिलमध्ये इन्सुलिन पूर्ण बंद झाले. मांजरांच्या बाबतीत हे घडू शकते : लवकर उपचार, भातापिठावाचून आहार, साखर बराच काळ आटोक्यात, असे जमून आले तर दमलेले स्वादुपिंड पुन्हा कामाला लागते. सगळ्यांचे लागत नाही. बाळ्याचे चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तो पुन्हा टाच उचलून चालू लागला आणि केशवसुत स्मारकापर्यंत फेऱ्या मारू लागला. १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले हे स्मारक पाहायला शाळांच्या सहली येतात. मुले कवीच्या जन्मघरातल्या वस्तूंपेक्षा गडग्यावरच्या बोक्याकडे अधिक पाहतात, आणि त्यांच्या शिक्षकांना ते आवडत नाही. मला त्यात वावगे वाटत नाही.

२०२३च्या जूनमध्ये दातांच्या मुळाशी पू झाला आणि साखर परतली. शरीरात कुठे धग असली की इन्सुलिनचा जोर चालत नाही. दात काढले, तरी या वेळी स्वादुपिंड मागे फिरले नाही. एव्हाना मांजरांसाठी तोंडावाटे द्यायचे औषध अमेरिकेत निघाले होते, पण ते इन्सुलिनवर राहिलेल्या मांजरासाठी नव्हे. पुन्हा सुई, पुन्हा अर्धे-अर्धे युनिट.

आता तो चौदा ओलांडून गेला आहे. मूत्रपिंडे थकत चालली आहेत. मूत्रपिंडांसाठी मांस बेताने द्यावे आणि साखरेसाठी मांसच द्यावे, या दोहोंच्या मधली वाट डॉक्टर दर महिन्याला नव्याने आखून देतात. ‘कुठवर?’ हा प्रश्न त्यांनीच एकदा हळू आवाजात काढला. नवरा म्हणाला, त्याला त्रास होईतोवर. मी म्हणाले, त्रास होतो हे कळणार कसे? सासूबाई म्हणाल्या, ‘दोन चमच्यांतला दुसरा तो सोडील, तेव्हा मी सांगेन.’

हल्ली नवरा कानातला थेंब घेतो, आकडा मोठ्याने म्हणतो, आणि चौकोनात तो सासूबाई लिहितात. हे काम त्यांनी मागून घेतले. त्यांचे अक्षर आता कापते, आणि त्यांचा १ आणि ९ सारखाच दिसतो. संध्याकाळी घरी आल्यावर सिरिंज भरण्याआधी मी कॅलेंडर घेऊन त्यांच्यापाशी जाते आणि सकाळचे हे १९० आहे की ११०, ते विचारून घेते.